घोडी अजून हलते

अहो, दारापुढची कनात काल उतरवली. तुमच्या पुण्यानुमोदनाला आलेल्यांना ऊन लागू नये म्हणून गल्लीतल्या माणसांनी बांधली होती. भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. सगळ्यांचं एकच, फार शांत माणूस. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, शांत? इतकी वर्षं माझ्याशी एकाच विषयावर भांडत आलेला माणूस शांत कसा? मग कोणीतरी म्हणालं, यांनी आयुष्यात मुंगीलाही दुखवलं नाही. तेव्हा मात्र माझी मान वर झाली. समोरच जिन्याखाली, जुन्या चादरीत गुंडाळून, तुमची घोडी उभी होती.

शेजारच्या नवीन भाडेकरूनं तिला पाहून विचारलं, "काकू, कॅमेऱ्याचं स्टँड आहे का हे?" मी म्हटलं, रायफलचं. तो बिचारा मागेच सरकला. मग मला त्याला सगळं सांगावं लागलं. रायफल हातात धरून नेम धरला की ती श्वासासोबत हलते, म्हणून तिला टेका लागतो. रानात बसणारी माणसं तो टेका घरीच बनवतात. आमच्या घरात तो तीनपायी आहे आणि आम्ही त्याला घोडी म्हणतो. इतकी वर्षं हे मला कोणाला सांगावं लागलं नव्हतं. तुमच्या गोष्टी तुम्ही सांगायच्या आणि मी आतून "पुरे झालं आता" म्हणायचं, अशी आपली वाटणी होती.

लोक पांगल्यावर धनराज माझ्याजवळ येऊन बसला. भाऊ माझा, पण बोलायचा तुमच्याशीच, आणि चिडायचाही तुमच्यावरच.

"ताई," तो म्हणाला, "भाऊजीची घोडी मले देशील का? माझा परवाना आला. फॉरेस्टवाल्याईची परवानगीबी भेटली. डुकरं काहीच ठेवून नाही राहिले वं वावरात."

मी म्हटलं, रविवारी ये, सांगते. तो गेला, आणि मी सवयीनं तुम्हाला विचारायला आत वळले.

म्हणून हे लिहिते आहे. घोडी द्यायची की नाही, एवढंच विचारायचं आहे. दिली तर तिच्यावरून जीव जाणार, आणि मी रोज सकाळी हात जोडून पहिलं शील घेते, जीव घेणार नाही म्हणून. नाही दिली तर धनराज थांबणार आहे थोडाच? तो बाभळीचं बेचकं तोडेल, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, रोवेल आणि त्यावर रायफल टेकवेल. त्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्हीही तेच केलं होतं. भिवापूरच्या पलीकडे, माझ्या माहेरच्या वावरात. हिवाळा होता. अंगणाअंगणात मिरची वाळत घातलेली, गावात शिरलं की शिंका सुरू. तूर फुलावर आलेली आणि हरभऱ्याच्या पट्ट्या डुकरांनी नांगर फिरवावा तशा उलथलेल्या. तुमच्या वडिलांची रायफल, परवाना तुमच्या नावावर, परवानगी धनराजनं आणलेली. सगळं रीतसर. चूक एकच झाली. घाईत तुम्ही बेचक्यावर रायफलची नळी टेकवली. टेकवायचा असतो पुढचा लाकडी भाग, आणि तोही मऊ गोष्टीवर. कडक लाकडावर लोखंडी नळी ठेवली की गोळी सुटताना ती उसळते आणि नेम चुकतो. हे तुम्ही नंतर मला इतक्यांदा सांगितलंत की मी आता भाजी चिरता चिरता म्हणून दाखवीन. त्या संध्याकाळी मात्र तुम्हाला ते आठवलं नाही. गोळी खांद्यावर बसायची ती जबड्यावर बसली.

डुक्कर तुरीत शिरलं. तुम्ही आणि धनराज रक्ताचे थेंब बघत मागे गेलात. नाल्याशी थेंब संपले. तुरीत जखमी डुक्कर आहे म्हटल्यावर कामाला बाया येईनात, आणि तुम्ही रोज सकाळी एकटेच काठी घेऊन नाल्याच्या कडेनं फिरत राहिलात. मग एकदा तुम्ही ताटावर बसलेले असताना गुराखी दारात आला. "भेटलं भाऊ तुमचं डुक्कर. नाल्यात पडून आहे. गोळीनं नाही मेलं गा ते, जबडा फुटला होता त्याचा. खाता नाही आलं. उपाशी मेलं."

तुम्ही ताट तसंच सोडून उठलात.

वाडीला आपल्या घरी परत आलो आणि तुम्ही पहिली घोडी बनवायला घेतली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, तुम्ही तर पाणीसुद्धा फुंकायला लागलात. दिवसभर ट्रकच्या बॉड्या बांधायच्या आणि संध्याकाळी उरलेली सागाची फाळकी खांद्यावर टाकून घरी यायचं. आधी सायकलच्या ट्यूबनं बांधलेल्या दोन बांबूंची घोडी झाली. ती बाजूला झुकायची. मग लोखंडी पाइपाची तीनपायी झाली. पाय दगडाला लागला की खण्णकन आवाज व्हायचा, ती नापास. मग सागाची. तिच्या पायांच्या टोकांना टोकदार लोखंडी शेंब्या बसवल्यात, तर त्या आपल्या काळ्या मातीत रुतायला लागल्या. तेव्हा तुम्ही माझा जुना तवा कापून तीन चकत्या काढल्यात आणि पायांखाली लावल्यात. तवा फुटका होता हे खरं, पण कापण्याआधी विचारायला काय झालं होतं?

वर रायफल ठेवायच्या जागेला तुम्ही खोगीर म्हणायचात. त्यावर ठेवायची पिशवी मी शिवली, हे मात्र तुम्ही येईल त्याला सांगायचात. तुमच्या जुन्या पॅन्टचा पाय कापून, दुहेरी शिवण घालून. इतवारीच्या बाजारात जाऊन जाड दोरा आणला होता आपण. हातगाड्यांच्या गर्दीत तुम्ही त्या दोऱ्याच्या दुकानदाराला घोडीची सगळी कहाणी ऐकवत बसलात आणि मागच्या माणसानं माझ्या चपलेवर पाय दिला तरी तुमचं चालूच. पिशवीत कन्हान नदीची रेती भरलीत, धुऊन, गच्चीवर वाळवून, माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळून. मी म्हटलं, रेती कडक बसते, जवस भरा. जवस बोटांतून पाण्यासारखा निसटतो, रायफल ठेवली की बरोबर तिचा आकार घेईल. तुम्ही विचारात पडलात. पटलं होतं तुम्हाला, चेहऱ्यावर दिसत होतं. पण मान हलवलीत.

"खायचं धान्य बंदुकीखाली नाही ठेवायचं वं."

आपल्या सगळ्या भांडणांत मी तुमचं ऐकलं असं ते एकच.

बाकी मी कुठे ऐकणार? रविवारी विहारातून परतताना गल्लीच्या तोंडाशीच माझं सुरू व्हायचं. सकाळी शील घ्यायचं अन् दुपारी घोडी घासायची, लाज नाही वाटत? तुम्ही चप्पल काढता काढता म्हणायचात, "शील काहून घेतो आपण? कोणाले दुखू नये म्हणून ना? मंग त्या उपाशी मेलेल्या डुकराले दुखलं, त्याचं काय?" मी म्हणायची, मग मारूच नका. तुम्ही म्हणायचात, "अन् धनराजनं काय करावं? तूरडाळ त तुलेबी लागते." मी म्हणायची, तारेचं कुंपण घाला. तुम्ही म्हणायचात, "घातलं. तारेखालून खणतात ते." आणि मग आपण जेवायला बसायचो. माझं म्हणणं एकच होतं, जीव घ्यायचा नाही. तुमचंही एकच होतं, घ्यावाच लागला तर त्याला कळायच्या आत घ्यायचा. आपण दोघं एकाच वाटेनं वेगवेगळ्या दिशांना चालत होतो आणि संध्याकाळी एकाच घरी पोचत होतो, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त राग यायचा.

दर हिवाळ्यात तुम्ही घोडी घेऊन माझ्या माहेरी जायचात. दर हिवाळ्यात न मारता परत यायचात. धनराज फोनवर विचारायचा, "भाऊजी, झाली का घोडी?" आणि तुम्ही म्हणायचात, "अजून हलते गा." गावात त्याची थट्टाच झाली. कोणाचं घर बांधून होत नसलं, कोणाच्या पोरीचं लग्न जमत नसलं, की लोक म्हणायचे, घोडी अजून हलते. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. धनराज हसला नाही. त्याचा हरभरा जात होता.

एकदा मीही तुमच्यासोबत वावरात बसले. अजून तांबडं फुटायचं होतं, आणि धुकं इतकं की तूर कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. तुम्ही घोडीचे पाय उघडलेत, एकेक चकती हातानं दाबून बसवलीत, पिशवी थोपटलीत. मग रायफल. मग गाल तिच्या लाकडावर टेकवून तुम्ही असे थांबलात की मला वाटलं, यांना झोप लागली. मी कानांत बोटं घालून बसले. धुकं हळूहळू पिवळं झालं. तुरीची फुलं आधी दिसली, मग त्यांच्यामधून ती आली. पुढे मोठी मादी, मागे पाठीवर पट्टे असलेली पिल्लं, रांगेनं. नाकानं माती उकरायचा आवाज येत होता. इतका घरगुती आवाज, कोणी परातीत पीठ मळावं तसा. मी बोटं कानांतून कधी काढली ते मलाच कळलं नाही. तुम्ही हलत नव्हतात. मादी आडवी उभी होती, अगदी समोर. मला गोळीचीही भीती वाटत होती आणि न सुटणाऱ्या गोळीचीही. मध्ये किती वेळ गेला कोण जाणे. मग तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे वळून कुजबुजलात, "हलून राहिली वं अजून." आणि उभं राहून टाळ्या वाजवल्यात. सगळी डुकरं धुक्यात विरघळली.

धनराजनं चहा देताना विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही घोडी बनवून राहिले का विमान?" मी त्याच्याच बाजूनं हसले. आणि मनातून सुटल्यासारखंही वाटलं. हे दोन्ही मी तुम्हाला सांगितलं नाही.

तुम्ही गेल्यापासून मला दुपारची झोप धड लागत नाही, आणि लागली तर उतरत नाही. त्या दिवशीही दुपारच होती. जरा पडतो म्हणालात आणि उठलाच नाहीत. परवा माझा डोळा लागला तर घोडी हरभऱ्यात चरत होती. सागाचे तीन पाय, पाठीवर तुमच्या पॅन्टची पिशवी, आणि ती मान नसलेली मान खाली घालून आरामात चरत होती. तुम्ही धुऱ्यावर उभे होतात. मी ओरडले, अहो, हाकला ना तिला, धनराज बघेल. तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत. जाग आली तेव्हा अमरावती रोडवरून ट्रक जात होते आणि खिडकीच्या काचा नेहमीसारख्या थडथडत होत्या.

त्या थडथडण्यावरून मला ते आठवलं. नवीन काही जोडलं की तुम्ही घोडी गच्चीवर न्यायचात आणि काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी तिच्या खोगिरात ठेवायचात. तुमचं म्हणणं, खाली ट्रक जातात, अख्खं घर हादरतं. इथं पाणी हललं नाही, तर वावरात रायफल काय हलणार! ती परीक्षा तुम्ही एकट्यानं घ्यायचात. मी स्वयंपाकात असायची. खाली यायचात, वाटी मोरीत ठेवायचात आणि सांगायचात, अजून हलते. मी काही कधी वर येऊन बघितलं नाही. तुम्ही सांगितलं ते खरं धरलं.

आज सकाळी मी चादर सोडली आणि घोडी गच्चीवर नेली. जड आहे हो ती. पाय उघडले, तुम्ही दाबायचात तशा चकत्या दाबल्या. पिशवी बाजूला काढून वाटी ठेवली आणि तिच्यात पाणी ओतलं, अगदी काठापर्यंत. मग समोर उकिडवी बसले. पाण्यात आभाळ आलं, शेजारच्या टाकीची कड आली. खालून रिकामा ट्रक धडधडत गेला. जिन्याचं दार वाजलं. मागोमाग भरलेला कंटेनर गेला, माझ्या पायांखालची फरशी मला तळव्यांना जाणवली. पाण्यातली टाकीची कड जागची हलली नाही.

ऊन चढलं. एक घार वाटीतून या काठावरून त्या काठावर गेली. खाली ट्रकांची रांग लागलेली, आणि माझ्यासमोर ते पाणी गाढ झोपल्यासारखं.

घोडी हलत नव्हती, अहो. मला आधी रागच आला. मोठ्यानं म्हणाले, खोटारडे! शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई दचकली. कधीपासून हलत नव्हती? मी तुमच्यासोबत धुक्यात बसले होते तेव्हाही नव्हती? ती मादी आडवी उभी होती, नेम पक्का होता, तुम्ही चाप ओढला असतात तर तिला कळलंही नसतं. तुम्हाला जे हवं होतं ते सगळं तिथं होतं. आणि तुम्ही मान वर करून माझ्याशी खोटं बोललात. धनराजशी बोललात. गावभर हसू करून घेतलंत, मेव्हण्याचा राग सोसलात, आणि घरी येऊन माझ्याकडून पुन्हा शिलावरचं भाषण ऐकलंत. एकदा तरी म्हणायचं होतं, पुष्पा, मी नाही मारलं. माझ्याच्यानं होत नाही. मी काय हसले असते?

हसलेच असते कदाचित. जिंकले म्हणून गल्लीभर सांगितलं असतं. म्हणूनच नाही सांगितलंत ना?

मग राग उतरला आणि मी तिथंच, गच्चीवर, उन्हात रडले. तुम्ही गेलात तेव्हा इतकी रडले नव्हते. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, चहा कमी पडत होता. आज मला कळलं की मी कोणासोबत राहत होते. इतकी वर्षं एक माणूस वर गच्चीवर एकटा बसून वाटीतलं पाणी बघत होता, आणि ते थांबलंय हे दिसूनही खाली येऊन हलतंय म्हणत होता. माझं नशीब चांगलं म्हणायचं की माझी अक्कल कमी, ते तुम्हीच ठरवा.

एवढं लिहून झालं तोवर रविवार आला. धनराज सकाळीच आला, मिरचीची पिशवी घेऊन. घोडी अजून गच्चीवरच होती. त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली, खोगिरावरून हात फिरवला, एक पाय दाबून पाहिला. "काय काम केलं गा भाऊजीनं," तो स्वतःशीच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मग त्यानं खिशातून दोरी काढली, पाय बांधायला.

"ने," मी म्हटलं. "पण तू जवा जवा बसशील तवा मी येईन. बाजूले बसीन."

"तू? कायले?"

"घोडी हलते का नाही, ते मी सांगीन. मी हलते म्हटलं का चापावरून बोट काढायचं. वाद नाही घालायचा."

माझा भाऊ भोळा आहे, पण मूर्ख नाही. त्याला काय कळलं आणि काय नाही, कोण जाणे, पण तो भाऊजींवर चिडायचा तसा चिडला नाही. "अन् ताई, नाही हलली त?"

खालून एक ट्रक गेला. खरं सांगते, पहिल्या वेळी मी हलते असंच म्हणणार आहे. दुसऱ्या वेळीही. पण त्याचा हरभरा दरवर्षी जातो, त्याच्या बायकोनं गेल्या वर्षी गळ्यातलं विकलं नाही एवढंच. मी रोज नाही म्हणू शकणार नाही. तुम्ही म्हणू शकलात, ती तुमची छाती.

"नाही हलली," मी म्हटलं, "त मंग एकाच गोळीत. त्याले समजलंबी नाही पाहिजे. उपाशी नाही मरू द्यायचं कोणाले."

धनराज खाली बघून गाठ मारत म्हणाला, "पण जीव त जाईनच ना वं ताई. तू त रोज शील घेते."

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "शील काहून घेतो आपण? कोणाले दुखू नये म्हणूनच ना?" त्यानं गाठ आवळली. त्याला पुढचं येत नव्हतं. मी वाट बघितली, अहो, कोणीतरी म्हणेल, मग मारूच नका. कोणी म्हणालं नाही. आपलं भांडण मी पुढे चालवते आहे, पण आता तुमची बाजू मला मांडावी लागते, आणि माझी मांडायला घरात कोणी उरलेलं नाही.